आमरीचं वेळापत्रक

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, रोजची नोंद ठेवत जा. औषध कंपन्या दरवर्षी माझ्या दुकानात डायऱ्या आणून टाकतात, त्यातली ही एक. आजवर त्या मी बायकोला सामानाच्या याद्यांसाठी देत आलो. ही मात्र ताईसाठी.

ताईला आज इस्पितळातून घरी आणलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी, खालचा शिंपी आणि गाडीचा ड्रायव्हर, असं तिघांनी तिला खुर्चीसकट वर आणलं. शिंपी म्हणाला, "यांचं वजनच नाही हो, खुर्चीचंच आहे सगळं." ताईला हे ऐकू गेलं असेल का, कोण जाणे. डॉक्टर म्हणतात, "ऐकू येतं. किती पोचतं ते सांगता येणार नाही."

रक्तदाब १५०/९०. ताप नाही. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही. डावा हात चांगला. वाचा गेलेली. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाला एकमेकांशी बोलायला लावणारी बाई ही.

बायकोने तिचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत नेलं आणि ताईचा पलंग पूर्वेच्या खिडकीशी लावला. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद करून पडदा ओढला आहे.

१० फेब्रुवारी

ताईला सांभाळायला मावशी आजपासून येऊ लागल्या, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. घरोघरची आजारी माणसं सांभाळण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. माझ्याहून लहानच असतील, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो.

मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. सहाला गोळी, साडेसहाला दूध, आठला अंग पुसणं, दहाला सूप, अकराला हातापायांचा व्यायाम, याप्रमाणे रात्री नऊपर्यंत. मावशींनी कंबरेवर हात ठेवून ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"यात ताईंनी नुसतं पडून कधी राहायचं, भाऊ?"

मी म्हटलं, त्या पडूनच तर आहेत.

१२ फेब्रुवारी

ताईच्या घरमालकांचा फोन आला. खोलीचं काय करायचं, असं विचारत होते. माणूस सरळ आहे, घाई केली नाही. पण मीच विचार केला, ताई आता एकटी राहू शकणार नाही. मग खोली अडवून काय करायचं? दुपारी जाऊन सामान बांधलं आणि किल्ली दिली.

बायकोने विचारलं, "ताईंना विचारलंत?"

"कसं विचारणार?"

"तोंडाने. त्यांचं बंद आहे, तुमचं नाही."

बायको बोलण्यात हार जात नाही. पण प्रश्न व्यवहाराचा होता आणि मी तो व्यवहाराने सोडवला.

१४ फेब्रुवारी

एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

ताईच्या खोलीमागे आंब्याचं जुनं झाड आहे. फळ म्हणावं असं त्याला येत नाही. पण त्याच्या खोडावर आणि खालच्या फांद्यांवर ताईच्या आमऱ्या आहेत. लोक त्यांना ऑर्किड म्हणतात, ताई आमरीच म्हणते. काही आपसूक आलेल्या, काही तिने रस्त्याकडेला तोडून टाकलेल्या फांद्यांवरून आणून बांधलेल्या. मालकांना ते झाड काढून तिथे गाडी लावायची आहे, हे फार जुनं. पण त्यांनी शब्द दिला होता की ताई जोवर त्या खोलीत राहते तोवर झाडाला हात लावणार नाही. शब्द त्यांनी वीस वर्षं पाळला.

आज त्यांचा फोन आला, "रविवारी माणसं येणार आहेत. ताईंच्या झाडावरचं काही हवं असेल तर घेऊन जा."

म्हणजे किल्ली मी दिली ती खोलीची नव्हती. आता परत मागता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "अहो, माणसांना शब्द दिलाय." त्यांच्या शब्दाचं मी काय बोलणार?

१५ फेब्रुवारी

सकाळी शिंप्याकडून शिडी घेतली, घरातून उलथणं घेतलं आणि आमऱ्या काढल्या. मुळं खोडाला अशी चिकटलेली असतात की ओरबाडावी लागतात. कापड फाटल्यासारखा आवाज येतो. पांढरी, जाड, दोऱ्यांसारखी मुळं. अर्धी झाडावरच राहिली. ती जागा सालीवर पांढऱ्या रेघांनी आखल्यासारखी दिसत होती.

एकंदर सात निघाल्या. पाच जाड, लांब पानांच्या. एकीची पानं पेन्सिलीसारखी गोल. एक तर मेलेलीच, नुसते सुकलेले फुगीर देठ, पान एकही नाही. तीही घेतली. ताईच्या होत्या, निवड मी कशी करणार?

ताईला आवडेल म्हणून घरी येताच सगळ्या तिच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून मांडल्या. म्हटलं, "बघ, तुझ्या सोबतीला आणल्या. थोड्या दिवसांसाठी. बरी झालीस की परत नेऊन लावू." झाडाचा विषय काढला नाही. या अवस्थेत धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

ताईने एकेक आमरी पाहिली. फार वेळ पाहिली. तुटलेल्या मुळांना बोट लावलं. मग तोंड भिंतीकडे फिरवलं. दमली असणार.

संध्याकाळचं दूध घेतलं नाही. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी. चेहऱ्याची बाजू लुळी पडली की असं होतं. दुकानातून थेंब आणले. दिवसातून तीनदा, दोन-दोन थेंब. वेळापत्रकात घातलं.

१६ फेब्रुवारी

आज झाड गेलं. मी तिकडे फिरकलो नाही. दुकानात दिवसभर गर्दी होती, ते बरं झालं.

दोन्ही डोळ्यांतून पाणी. थेंब दोन्हीकडे सुरू केले.

१८ फेब्रुवारी

बाजाराच्या टोकाला एका बाईंची नर्सरी आहे. तिथून सात कुंड्या आणि खत घातलेली काळी माती आणली. "कसली झाडं?" असं बाईंनी विचारलं, मी "फुलझाडं" म्हटलं. माती चांगली आहे, हाताला लोण्यासारखी लागते.

कुंड्या भरून मुळं नीट झाकून लावल्या. ताईच्या उशाशी स्टुलावर ओळीने ठेवल्या, एक ते सात क्रमांक टाकले. मेलेली आहे तिला चौथा. झाडांचं वेळापत्रक वेगळं केलं. सकाळी सातला प्रत्येकी एक कप पाणी, संध्याकाळी पाचला अर्धा कप. दुकानातला मापाचा कप आणला, अंदाजाचा कारभार नको.

बायकोचा मनीप्लांट स्वयंपाकघरात बाटलीत आहे. ना माती, ना ऊन, चार वर्षं बाटली धुतलेली नाही, तरी छतापर्यंत पोचला. बायको म्हणाली, "माझ्यावर गेलाय. कुठेही लावा, वाढतो."

२३ फेब्रुवारी

रक्तदाब १४०/८८. व्यायामाला ताई हात आखडून घेते. वजन दोन किलोंनी कमी. दोन-दोन तासांनी थोडं थोडं द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता सात वेळा देतो. तीन वेळा ती ओठ मिटून घेते.

मी लहान असताना ताप आला की ताई मला असंच भरवायची. मी ओठ मिटले की ती वाटी खाली ठेवायची, म्हणायची, "राहू दे, बाळ्या. भूक आली की तूच हाक मारशील." आईला ते पटायचं नाही. मला आज का आठवलं, ठाऊक नाही.

२६ फेब्रुवारी

विचित्र प्रकार. सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत असताना ताईने डाव्या हाताने चार नंबरची कुंडी ढकलली. कुंडी खाली पडून फुटली, सगळीकडे चिखल. मी म्हटलं, "लागलं का?" तिने पाच नंबरला हात घातला. मी वेळेवर धरला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मेंदूला इजा झाली की चिडचिड होते, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. स्टूल तिच्या हाताला लागणार नाही इतकं लांब सरकवलं.

चौथी मेलेलीच होती, ती कचऱ्यात टाका म्हणून मावशींना सांगितलं. "टाकते," म्हणाल्या.

४ मार्च

एक आणि तीन नंबरची पानं पिवळी पडू लागली. अशक्तपणा दिसतो. झाडांचं टॉनिक आणलं. एका लिटरला पाच थेंब, असं लिहिलं होतं, मी आठ घातले. संध्याकाळचं पाणीही पूर्ण कप केलं.

ताई माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहते. झाडांची किती काळजी हिला. म्हणून मी आता तिच्यासमोरच घालतो, तिला दिसावं म्हणून. आज तिने डोळे मिटून घेतले.

६ मार्च

दुपारी अचानक घरी आलो तर ताईच्या खोलीत गार वारं. खिडकी सताड उघडी, पडदा बाजूला, मावशी पलंगावर बसून ताईला सूप भरवताहेत. भरवताहेत म्हणजे नुसती वाटी धरली होती, चमचा ताईच्या हातात.

मी ओरडलो. ओरडायला नको होतं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, वारा बाहेरून येतो, आजार बाहेरून येत नाही. तो आधीच आत आहे."

मी खिडकी लावली. मावशींना बजावलं. बायकोला म्हटलं, दुसरी बाई बघू का? ती म्हणाली, "बघा की. तुमच्या जागी दुसरा भाऊही बघू का ताईंसाठी?"

११ मार्च

एक नंबर गेली. धरून उचलली तर देठ हातात आला आणि मुळं मातीतच राहिली. कुजका वास. बाकीच्या बघितल्या. दोन आणि पाच तशाच.

मी रोज वेळेवर पाणी दिलं. एक दिवस चुकला नाही. दुकानात मी छत्तीस वर्षांत एकाला चुकीची गोळी दिलेली नाही. मग हे काय होतंय? कुणी सांगेल का?

ताई सगळं सांगू शकली असती. दर रविवारी मी तिच्याकडे जायचो आणि ती झाडाखाली उभी राहून मला काही ना काही सांगत असायची. कुठल्या मुळांचा रंग बदलला, कुणी पानं टाकली, कोण विश्रांती घेतंय. मी हो-हो करत वर्तमानपत्र वाचायचो. एकदाच वर बघून विचारलं होतं, "ही बांडगुळं झाड पोखरत नाहीत का?" तेव्हा ती चिडली होती. "बांडगुळ नव्हे. झाडाकडून काही घेत नाहीत ती. फक्त उभं राहायला जागा." एवढंच एक वाक्य माझ्याजवळ आहे, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही.

१३ मार्च

डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जिन्यात मला म्हणाले, "जेवढं परत यायचं तेवढं आलं. आता आहे ते टिकवायचं." मी विचारलं, "वाचा?" त्यांनी नुसती मान हलवली.

बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. ताईला सांगितलं नाही.

१५ मार्च

कुजलेली आमरी पिशवीत घालून नर्सरीच्या बाईंकडे गेलो. त्या पाइपने झाडांवर पाणी मारत होत्या. पिशवीत डोकावून त्यांनी पाणी बंद केलं.

"ही आमरी आहे. कशात लावली होती?"

"मातीत. तुमच्याच."

"मला काय सांगितलं होतंत?"

"फुलझाडं."

"फुलझाडं! उद्या मासा घेऊन याल आणि म्हणाल पाळीव प्राणी आहे, पिंजरा द्या."

मग त्यांनी मला ओट्यावर बसवून समजावलं. या आमऱ्या मातीतल्या नव्हेत. मुळांवर जे पांढरं असतं तो स्पंजासारखा थर. दव पडलं, सर आली की तो घटकाभरात पाणी पिऊन हिरवा होतो. मग वारा लागून परत पांढरा व्हायला हवा. भिजणं जेवढं गरजेचं, तेवढंच सुकणं. मातीत पुरलं की मुळांचा श्वास कोंडतो. उंच फांदीवर जिथे दुसऱ्या कुणाचं निभणार नाही तिथे त्या अशा राहायला शिकल्या. देठात पाणी साठवायचं, कोरड्या महिन्यांत काही जणी पानंसुद्धा टाकून देतात आणि नुसत्या पडून राहतात.

"आणि लोक त्यांना मेली म्हणून फेकतात," बाई म्हणाल्या.

मी चार नंबरचं काही बोललो नाही.

"टॉनिक घातलंत?"

"आठ थेंब."

"प्रेम आहे तुमचं," त्या म्हणाल्या. हे कौतुक नव्हतं. "पण झाडावरून काढलीतच कशाला?"

"झाड तोडलं. आमऱ्या माझ्या बहिणीच्या. ती आजारी आहे, म्हणून झाडाचं तिला सांगितलेलं नाही."

"आमऱ्या दाखवल्यात?"

"हो, तेवढाच आनंद."

बाईंनी पिशवी गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बरं," आणि पाइप उचलला.

घरी येऊन सगळ्या कुंड्या उपसल्या. सहाही गेल्या. पेन्सिलीच्या पानांची दिसायला हिरवी होती, पण खाली काहीच नव्हतं.

१७ मार्च

कालचा दिवस लिहिला नाही. ताईच्या उशाशी सहा रिकाम्या कुंड्या आहेत. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. थेंब लागू पडले असावेत.

१८ मार्च

मावशी आज म्हणाल्या, "भाऊ, रागावणार नसाल तर एक दाखवते."

त्यांनी पडदा सरकवला, खिडकी उघडली. बाहेर खालच्या कोपऱ्यातल्या गजाला, जुन्या कापडाच्या चिंधीने, चार नंबर बांधलेली. मेलेली. तिच्या त्या सुकलेल्या फुगीर देठांवर, पेरापेराशी, मुगाएवढे हिरवे कोंब. काहींना जांभळट टोक. पान अजूनही एक नाही. आणि एक नवं मूळ, पांढरं, टोकाला हिरवा ठिपका, गजाला हळूच चिकटलेलं.

"कचऱ्यात टाकायला निघाले तर ताईंनी पदर धरला," मावशी म्हणाल्या. "खिडकीकडे बोट. मग गजाकडे. इथे बांध, तिथे नको, असं हातानेच. तासभर राबवलं मला. पाणी द्यायला गेले तर हात झटकला. म्हटलं, ठीक आहे, मालकीण त्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही वेळापत्रकात घातलं असतं."

म्हणजे तीन आठवडे रोज, मी दुकानात गेलो की ही खिडकी उघडत होती. डायरी चाळली. दुपारचं सूप तेवढं पूर्ण संपल्याची नोंद माझ्याच हाताने रोज केलेली आहे. मी ते सुपाच्या चवीचं मानत होतो.

खिडकी उघडी ठेवली. रक्तदाब १३०/८४.

२३ मार्च

वजन आणखी एक किलोने उतरलं. खिडकी उघडूनसुद्धा. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, होणारच. मला वाटलं होतं, आता कारण सापडलं म्हणजे उपायही सापडला. तसं नसतं, असं दिसतं.

नर्सरीच्या बाई म्हणाल्या, लोखंडी गज उन्हाळ्यात तापतील, मूळ भाजेल, तिला आंब्याची सालीसकट फांदी बघा. आंबा मिळणार कुठे? मालकांना विचारलं. त्यांनी झाडाचं लाकूड वखारीत दिलं होतं.

२५ मार्च

वखारीत गेलो. ओंडक्यांचे ढीग, भुसा, करवतीचा आवाज. वखारवाला म्हणाला, "आंबा? त्याच्या फळ्या झाल्या. फांद्या आहेत मागे, घ्या हवी ती."

मागे पन्नास तरी फांद्या पडल्या होत्या, वेगवेगळ्या झाडांच्या. मला ओळखू येणार नाही, असं वाटलं होतं. पण एकीच्या सालीवर पांढऱ्या रेघा होत्या, माझ्या उलथण्याने खरवडलेल्या. आणि एक गंजका खिळा. ताई त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधायची. मी तिथेच ओंडक्यावर बसलो. वखारवाल्याने पाणी आणून दिलं.

दोन हात लांबीचा तुकडा कापून आणला. खिळा काढायचा राहिला.

२६ मार्च

काय सांगायचं ते रात्रीच ठरवून ठेवलं होतं. सकाळी फांदी पलंगावर ताईजवळ ठेवली आणि म्हटलं, "वाऱ्याने एक फांदी पडली तुझ्या झाडाची. मालकांनी आठवणीने ठेवली. बाकी झाड उत्तम आहे."

ताईने डावा हात सालीवर ठेवला. पांढऱ्या रेघेवरून बोट हळूहळू नेलं, जिथे रेघ तुटली तिथे थांबलं, पुढच्या रेघेवर गेलं. खिळ्यापाशी आली. खिळा दोन बोटांत धरला आणि तशीच राहिली. कापलेल्या टोकाला करवतीच्या खुणा होत्या, भुसा अजून चिकटलेला. तिने तो बोटाने टिपला, पाहिला, आणि चादरीला पुसला.

मी म्हणत होतो, "पालवी फुटलीय म्हणे भरपूर. मोहोरही असेल." मी असं बरंच बोललो. ती ऐकत होती. एक्स्चेंजमध्ये असताना ऐकायची तशी, मधे न बोलता, समोरच्याचं संपेपर्यंत.

मग मावशींनी गजावरची आमरी अलगद सोडवली आणि ताईने सांगितलं तशी, म्हणजे तिने बोट दाखवलं तशी, मी ती फांदीला बांधली. घट्ट बांधली तर तिने हात मारला. सैल केली. दोन कोंब उमलायच्या बेतात आहेत. फांदी दोरीने खिडकीत टांगली. वाऱ्याने जरा हलते. पाणी किती, असं मी विचारलं, तर ताईने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर तर काहीच नव्हतं, नुसतं धुकं.

रक्तदाब घ्यायला बसलो तर माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वखारीतला भुसा गेला असणार, कालपासून चुरचुरत होतं. पट्टा बांधता येईना. ताईने माझा हात धरला, दोनदा थोपटला. मग उशाशी चाचपून थेंबांची बाटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.

मी दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. ती बघत होती.

रक्तदाबाची नोंद राहिली.

झाडाचं अजून तिला काही कळलेलं नाही. जरा ताकद आली की मीच सांगेन, हळूहळू.